मदत हवी आहे: ‘अरे संसार संसार’मध्ये नवरा कुठे दिसतो?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, पंचवटीत राहते. बेचाळिसाव्या वर्षी मराठीत एम.ए. करतेय. ‘कवितेतलं रोजच्या संसारातलं प्रेम’ या विषयावर निबंध लिहायचाय आणि मी बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’ निवडली आहे.

अडचण अशी की या कवितेत प्रेम हा शब्दच नाही. तवा आहे, हाताला चटके आहेत, मग भाकर आहे. नवरा तर समोर येतच नाही. फक्त ‘दोन्ही जीवांचा इचार’ आणि पुढे ‘दोन्ही जीवांचा सुधार’ येतो आणि मला वाटतं सगळं प्रेम त्या ‘दोन्ही’त आहे. दुःखाला होकार द्यायचा, सुखाला नकार, पण दोघांनी मिळून. शिवाय गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको, असं ती बजावते. ओझं तेच, नाव वेगळं. हे नाव बदलणं म्हणजेच प्रेम, असं मी मांडू का?

माझ्या सासूबाई जळगावकडच्या. त्यांनी ही कविता त्यांच्या बोलीत म्हणून दाखवली तेव्हा मला त्यात तक्रार ऐकूच आली नाही, माया ऐकू आली. पण निबंधात आवाजाचा पुरावा कसा द्यायचा?

दुसरं, बहिणाबाईंना वैधव्य लवकर आलं. हा संदर्भ घ्यावा की कविता कवितेपुरती वाचावी? मला तो घ्यावासा वाटतो, पण त्यामुळे सगळा निबंध चरित्राकडे झुकेल अशी भीती आहे. शिकवणाऱ्या किंवा खानदेशी बोली जाणणाऱ्या कुणी सांगाल का? पुढच्या आठवड्यात द्यायचाय.