टांग्रातले चिनी आणि टिरेटा बाजारातले चिनी एकाच मुळाचे का?

शोधक७: कोलकात्याचे चिनी म्हटलं की सगळे सरसकट ‘हक्का’ (दक्षिण चीनमधला स्वतःची वेगळी बोली असलेला समाज) म्हणून मोकळे होतात. दोन्ही वस्त्यांचं मूळ एकच आहे का? आणि जुन्या थडग्यावरून मूळगाव काढता येतं का?

भागीरथीकाठ: एक नाही. टिरेटा बाजार जुना आणि मिश्र. कॅन्टोनीज, म्हणजे कॅन्टन भागातली मंडळी सुतारकामात, मध्य चीनमधल्या हुपे प्रांताकडची दातांच्या दवाखान्यांत, हक्का जोड्यांच्या धंद्यात. टांग्रा मात्र जवळपास सगळा हक्कांचा, बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मेईश्यान परगण्यातले. कातडं कमावायला सवर्ण हिंदू हात लावत नसत, आणि शहराच्या पूर्वेची दलदलीची जमीन स्वस्त होती. तिथे टॅनऱ्या उभ्या राहिल्या. हक्का आणि कॅन्टोनीज एकमेकांची बोली समजत नाहीत, त्यामुळे देवळं-मंडळंही वेगवेगळी. सगळ्यांना धरून असलेलं ठिकाण म्हणजे बजबजजवळचं अछिपूर. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखर कारखाना काढणाऱ्या अछी या चिनी व्यापाऱ्याचं थडगं तिथे हुगळीकाठी आहे. चिनी नववर्षात लोक तिथे जातात.

लिपीवाला: थडग्यावरच्या उभ्या ओळी उजवीकडून वाचायच्या. मधली ठळक ओळ नावाची. मूळगाव सहसा उजवीकडे किंवा अगदी वर. आधी परगणा, मग गाव. ‘जियायिंग’ (मेईश्यान ज्यात येई तो जुना विभाग) दिसलं की लगेच मेईश्यान लिहू नका. चिंग राजघराण्याच्या काळात जियायिंगखाली आणखी चार परगणे येत, म्हणून गावाचं नाव जुळवल्याशिवाय नोंद पक्की धरू नये. सन मिन्गुओ (चिनी प्रजासत्ताकाचा) असेल तर १९११ मिळवा (मिन्गुओ २० म्हणजे १९३१), ग्वांगशू (त्या नावाच्या चिंग सम्राटाच्या कारकिर्दीचा) असेल तर १८७४. तारीख चांद्र असली तर बाराव्या महिन्यातला मृत्यू बहुधा पुढच्या इसवी सनात जातो.

सरकारी कागदांत खरा घोळ आडनावाचा. चिनी आडनाव आधी येतं, कारकून शेवटचा शब्द उचलतो. मग बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं! शिवाय एकच आडनाव हक्कांत चिन, कॅन्टोनीजमध्ये चान, मँडरिनमध्ये चेन. नुसत्या स्पेलिंगवर वंशावळ बांधू नका.

टॅनरीगल्ली: ओळखीचा प्रश्न मुळावर संपत नाही. १९६२च्या युद्धात सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं, त्यात इथेच जन्मलेलेही होते. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅनऱ्या शहराबाहेर बानतल्याला हलवायला सांगितल्या. कित्येक कुटुंबं टोरांटोला गेली, काहींनी टॅनरीच्या जागी हॉटेलं काढली. टोरांटोत हेच लोक ‘हक्का चायनीज’च्या पाट्या लावतात आणि वर गोबी मंचुरियन विकतात, ते मेईश्यानमध्ये कुणी खात नाही.

मुंबईकरांसाठी: माझगावचं सी यूप देऊळ ग्वांगडोंगच्या चार परगण्यांतल्या कॅन्टोनीज लोकांचं. त्याला हक्कांच्या खात्यात टाकू नका.