‘उपनगर’ म्हणजे नक्की कुठलं?

अनुवादिनी : एका अहवालाचं मराठी करतेय. ‘नाशिकच्या उपनगरांतील पाणीपुरवठा’ असं लिहिलं. मूळच्या नाशिककर संपादकबाईंनी शब्दाला लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘उपनगर एकच आहे. बाकीची कुठली?’ मी सोलापूरची. काय करू?

पाथर्डीफाटा : बदला. नाशिकमध्ये ‘उपनगर’ हे एका वस्तीचंच नाव. रिक्षावाल्याला ‘उपनगर’ म्हणा, तो द्वारका चौकावरून पुणे रस्त्याने गांधीनगरच्या पुढे नेऊन सोडेल. पोलीस ठाणंसुद्धा ‘उपनगर’ नावाचंच आहे!

शिवारकर : मुळात शब्दच कागदी. ‘उप’ म्हणजे दुय्यम. आपल्याकडे शीव, शिवार, वाडी, मळा असताना ही भर कशाला? शीव थेट ‘सीमा’वरून आलेला. मुंबईचं शीव स्टेशन तेच.

गंगेवरची : शिवारकर काका, उपनयन, उपनिषद यांत दुय्यम काय आहे? तिथे ‘उप’ म्हणजे जवळ. आणि ‘शिवारात टू बीएचके घेतला’ असं म्हणून बघा एकदा.

शिवारकर : उपसरपंच सरपंचाजवळ बसतो म्हणून उपसरपंच का?

जेलरोड : आम्हाला उपनगर म्हणू नका, एवढंच सांगते. महापालिका झाली 1982 साली, तीही नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून. त्याआधी आमचा, म्हणजे नाशिकरोडचा, कारभार वेगळाच. आई आजही बसला उभी राहिली की म्हणते, ‘नाशिकला जाऊन येते.’ राहते महापालिकेच्याच हद्दीत! भगूरची नगरपालिका मात्र वेगळी राहिली, आणि देवळाली कॅम्प कटक मंडळाकडे, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. त्यांना कुणाचं उपनगर म्हणणार?

पाथर्डीफाटा : सिडकोचं तर आणखी निराळं. नाव महामंडळाचं, चिकटलं वस्तीला. महापालिकेच्या कागदावर ‘नवीन नाशिक’, पत्ता सांगताना ‘सिडको, तिसरी स्कीम’. मामांनी लग्नपत्रिकेवर हट्टाने ‘नवीन नाशिक’ छापलं. लग्नाच्या सकाळी त्र्यंबकच्या पाहुण्यांचे चार फोन : ‘म्हणजे सिडकोच ना?’

शिवारकर : मामांचं बरोबर होतं. शब्द वापरल्याशिवाय रुळणार कसा?

पाथर्डीफाटा : अहो, जेवणं थांबली होती.

अनुवादिनी : तूर्त ‘शहराच्या हद्दीलगतच्या वसाहती’ केलंय. बाई विचारतात, कुठल्या सालची हद्द?

गंगेवरची : रास्त प्रश्न. मुंबई नाका बघा ना, आता भर शहरात आलाय. नाका म्हणजे मुळात गावाची कड, जकात घ्यायची जागा. जकात गेली, कड सरकली, नाव तिथंच.

शिवारकर : नाका हा नाकावरूनच. चेहऱ्यात नाक पुढे, गावात नाका पुढे.

गंगेवरची : काहीतरीच! हिंदीत सुईच्या भोकाला नाका म्हणतात. अरुंद वाट, जिथून एकेकानेच जायचं.

शिवारकर : त्याला मराठीत नेढं म्हणतात.

जेलरोड : नेढं डोंगरालाही असतं. मोहनदरच्या किल्ल्याला आरपार भोक आहे, ते नेढंच.

पाथर्डीफाटा : नेढं की नेढे? दिंडोरीच्या आत्याकडे मी ‘नेढा’ पण ऐकलंय.