अनुभव धागा : परड्यातला पोहण्याचा तलाव – जमीन कोणती, पाणी कुठले?

बेळगावच्या दक्षिणेला भाताच्या शिवारालगत आमचे घर आहे आणि घरामागे सुमारे पाच गुंठ्यांचे परडे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आणि नातवंडे येतात, तेव्हा त्यांच्यासाठी तेथे पोहण्याचा छोटा तलाव बांधावा, हा विषय घरात गेली दोन वर्षे चालू आहे. आतापर्यंत तीन कंत्राटदार येऊन गेले. तिघांनीही टाइल्सचे रंग आणि दिव्यांचे नमुने दाखवले. मात्र जमीन कसली आहे, पावसाळ्यात विहिरीची पातळी कोठवर येते आणि तलाव उपसल्यावर पाणी कोठे सोडणार, हे एकानेही विचारले नाही. खानापूरचा पाऊस आणि अथणीचे ऊन एकाच जिल्ह्यात असताना दोन्हीकडे तलाव एकाच रीतीने बांधता येईल, हे मला पटत नाही. म्हणून ज्यांनी तलाव बांधला, विकत आणून बसवला किंवा बांधून पस्तावले, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. किमतीपेक्षा चुका कळल्या तर अधिक बरे.

खानापूर तालुका, जांबोटीच्या वाटेवरून

आम्ही तयार फायबरचा तलाव घेतला, सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. सिमेंटचे काम तीन-चार महिने चालते आणि आमच्याकडे कोरडे दिवस मोजकेच मिळतात. फायबरचे भांडे मात्र खड्डा तयार असेल तर आठवड्याभरात बसते, एवढाच विचार त्यामागे होता. पहिली अडचण गावात शिरतानाच आली. ट्रेलर गल्लीत वळेना, तेव्हा क्रेन मागवून ते भांडे शेजाऱ्यांच्या कौलांवरून उचलून आत घ्यावे लागले. त्या दिवशी अर्धे गाव आमच्या परड्यात होते आणि चहाचा खर्च क्रेनच्या भाड्याशी स्पर्धा करीत होता.

खरी चूक माझी स्वतःची. दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात पावसाचे पाणी शिरून तलाव हिरवा पडला, म्हणून मी पंप लावून तो पूर्ण उपसला. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तर भांड्याचे एक टोक जमिनीपासून वीतभर वर आलेले. आमच्याकडच्या जांभ्यातून पाणी चाळणीतून यावे तसे पाझरते. बाहेर पाणी आणि आत काहीच नाही, अशा स्थितीत ते भांडे होडीसारखे तरंगले. पुन्हा बसवताना आम्ही तळाशी खडीचा थर घातला आणि एका कोपऱ्यात सहा इंची उभा पाइप तळाच्याही खालपर्यंत सोडला. आता पावसाळ्यात त्या पाइपात काठी घालून पातळी पाहतो, पाणी चढले असेल तर लहान पंपाने ते उपसतो आणि तलाव मात्र कधीही रिकामा करीत नाही. हिरवा का होईना, भरलेला तलाव जागेवर राहतो.

बेळगाव शहर, निवृत्त स्थापत्य अभियंता

वरील अनुभव केवळ फायबरचा समजू नये. सिमेंटचा तलाव जड असल्यामुळे तरंगत नाही, असे गवंडी छातीठोकपणे सांगतात, म्हणून हिशोबच मांडतो. आतून ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तलावाचा तळ व भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या धरल्या, तर रिकाम्या तलावाचे वजन साधारण २२ टन भरते. भोवतालचे भूजल काठापर्यंत चढले, तर त्याला वर ढकलणारा जोर सुमारे ३० टनांचा असतो. म्हणजे तोही उचलला जाऊ शकतो, आणि उचलला गेला नाही तरी तळ फुटू शकतो. तळाला बाहेरचे पाणी आत घेणारी एकमार्गी झडप बसवली, तर हा दाब सुटतो. ही झडप फार महाग नसते, पण कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ती क्वचितच दिसते.

द्रव साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी आय. एस. ३३७० ही भारतीय मानक संहिता आहे आणि सळईच्या काँक्रीटसाठी तिच्यात किमान एम ३० प्रत, म्हणजे घराच्या नेहमीच्या काँक्रीटपेक्षा अधिक मजबूत मिश्रण, सांगितली आहे. घराच्या स्लॅबसाठी वापरतो तेच मिश्रण तलावाला चालेल, हा समज सोडावा. काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारून झाल्यावर, टाइल्स लावण्यापूर्वी आणि भिंतींमागे भराव घालण्यापूर्वी, तलाव काठोकाठ भरून सात दिवस ठेवावा. गळती त्या वेळी भिंतीवर ओल होऊन डोळ्यांना दिसते. नंतर ती शोधण्यासाठी टाइल्स फोडाव्या लागतात.

चिकोडी तालुका

आमची जमीन काळी, ऊस पिकवणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, हे लहानपणापासून पाहत आलो असूनही तलाव बांधताना आम्ही ते विसरलो. खोदलेली मातीच भिंतींमागे परत भरली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा मोठा पाऊस झाला आणि एका लांब भिंतीला कोपऱ्याजवळ उभी चीर गेली. दुरुस्तीच्या वेळी भिंतींमागची काळी माती सर्व बाजूंनी तीन-चार फूट रुंदीत काढून टाकली, तेथे मुरूम थराथराने ठोकून भरला आणि पावसाचे पाणी तलावापासून दूर जाईल असा उतार दिला. त्यानंतर चीर वाढलेली नाही. हेच काम आधी केले असते, तर मुरमाच्या काही ट्रॉल्यांवर भागले असते.

दुसरी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आमच्या भागात ऊसतोड झाली की पाचट जाळतात आणि काळ्या काजळीचे तुकडे वाऱ्यावर येऊन पाण्यावर बसतात. ते जाळीने काढता येतात, पण बोटांत धरताच चुरतात आणि टाइल्सवर रेघा उठतात. काठाशी पाण्याचा वरचा थर ओढून घेणारा स्किमर, वारा ज्या टोकाकडे वाहत जातो त्या टोकाला बसवला, तर निम्मे काम वारा करतो. आमचा नेमका उलट बाजूला आहे.

बेळगाव, भाड्याच्या घरातून

आमचा तलाव विकत आणलेला, लोखंडी सांगाड्याचा आणि जाड प्लॅस्टिकचा आहे. साडेचार मीटर लांब, सुमारे सात हजार लिटरचा. मार्चमध्ये उभा करतो आणि जूनमध्ये घडी करून माळ्यावर टाकतो. बेळगावात जूननंतर पोहण्यासारखी हवा राहतेच किती दिवस? एकच सूचना : तो गच्चीवर ठेवण्याचा मोह टाळावा. ८० सेंटीमीटर पाण्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला ८०० किलो होते आणि घराच्या गच्च्या साधारणपणे दीडशे ते दोनशे किलोंच्या हिशोबाने बांधलेल्या असतात.

अथणी तालुका

आमच्याकडे पावसाची किंवा भूजलाची भीती नाही, पाणी टिकवणे हीच चिंता आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या तलावाची पातळी दिवसाला सुमारे आठ मिलिमीटर उतरते. तलावाचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर असल्यामुळे रोजचे १४४ लिटर आणि महिन्याचे ४,३०० लिटर, म्हणजे जवळजवळ एक पाच हजारी टँकर केवळ उन्हाला जातो. पहिल्या वर्षी मला ही गळती वाटली आणि मी गवंड्याशी भांडलो. नंतर एका जाणत्याने बादलीची परीक्षा सांगितली. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवायची आणि आतल्या व बाहेरच्या पातळीवर खुणा करायच्या. दिवसभराने दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर दोष उन्हाचा, बाहेरची अधिक उतरली तर दोष तलावाचा. आमच्या दोन्ही सारख्या उतरल्या आणि मला गवंड्याच्या घरी जाऊन यावे लागले.

रोपवाटिकेत वापरतात तसे हिरवे शेडनेट तलावावर दहा फूट उंचीवर ताणले, पश्चिमेच्या बाजूला ते खाली जमिनीपर्यंत सोडून वारा अडवला, तेव्हा घट बरीच कमी झाली. फुगे असलेले निळे आच्छादनही आणले होते. त्याने पाणी उडणे थांबते, पण पाणी तापते. थंड प्रदेशात तो गुण असेल, आमच्याकडे मे महिन्यात कोमट आंघोळ कोणाला हवी?

बोअरच्या जड पाण्याचा त्रास याहून चिवट आहे. उन्हाने पाणी जाते, पण त्यातला चुना मागे राहतो आणि वरून ओतलेले बोअरचे पाणी आणखी चुना आणते. त्यामुळे दोन वर्षांत पाण्याच्या रेषेवर पांढरा, खरवडूनही न निघणारा थर बसला. आता पावसाळ्यात घराच्या छतावरचे पाणी टाकीत साठवतो आणि वरचेवर तेच भरतो. शंभर चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर होतात. सगळे हाती लागत नाही, पण ते मऊ असते.

क्लोरीन मी सूर्यास्तानंतरच टाकतो, कारण उघड्या पाण्यातला साधा क्लोरीन प्रखर उन्हात तासाभरात निम्म्याहून खाली येतो. टीसीसीएच्या, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्यांबरोबर सायन्युरिक आम्ल येते आणि ते क्लोरीनला उन्हापासून राखते, हे खरे. पण ते आम्ल पाण्यात साचत जाते, उडत नाही, आणि ३० ते ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तेवढे भाग) बरेच पुढे गेले की क्लोरीन असूनही काम करीत नाही. मग थोडे पाणी काढून नवे भरण्यावाचून उपाय नसतो, आणि नवे पाणी हीच आमची उणीव आहे. म्हणून मी गोळ्या आणि द्रवरूप हायपोक्लोराइट (सायन्युरिक आम्ल नसलेला क्लोरीन) आलटून पालटून वापरतो. पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम, एवढे रोज संध्याकाळी तपासतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर मात्र एका डब्यात किंवा एकाच ओल्या मापाने कधीही हाताळू नये. दोन्ही एकत्र आल्यास पेट घेतात.

संकेश्वरजवळचा मळा

आमच्या तलावात प्रथम पोहले ते म्हशीचे रेडकू. कुंपणाचे फाटक उघडे राहिले आणि ते दुपारच्या उन्हात सरळ पाण्यात उतरले. उतरले खरे, पण वर यायला स्टीलच्या शिडीखेरीज काही नव्हते. चौघांनी दोर लावून त्याला काढले, तोवर त्याची आई कुंपणाबाहेर हंबरून शिवार डोक्यावर घेत होती. त्यानंतर आम्ही एका टोकाला रुंद पायऱ्या बांधल्या आणि फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवली. आमच्या पिढीने पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले आणि काठावर कोणीतरी मोठे माणूस असे. परड्यातला तलाव मात्र दिवसभर एकटा असतो आणि लहान मूल बुडताना आवाजही करीत नाही. कुंपण चारही बाजूंनी, किमान चार फूट उंच आणि पाय ठेवून चढता येणार नाही असे असावे. पाण्यातले दिवे बारा व्होल्टचेच घ्यावेत आणि पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

काठाला आम्ही शहाबादी फरशी घातली आहे. काळ्या कडाप्प्यापेक्षा ती पायांना कमी पोळते, पण ती चुनखडीची असल्यामुळे टाइल्स धुण्याचे ॲसिड सांडले तर तिच्यावर पांढरे डाग पडतात. ग्रामपंचायतीचा अर्ज कन्नडमधून द्यायचा होता; तो दहावीतल्या पुतणीने लिहिला आणि बदल्यात पहिल्या दिवशी मैत्रिणींना बोलावण्याची परवानगी मिळवली.

निपाणी

मुले नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमचा तलाव गेली तीन वर्षे ठिबक सिंचनाचा हौद म्हणून चालतो आहे. क्लोरीन बंद, गाळणी बंद, आत गप्पी मासे. तलाव घ्यायचाच असेल तर तो पुढे हौद होऊ शकेल अशा जागी, शेताच्या उंच बाजूला घ्यावा. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरमध्ये पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई झाली होती. तशी वेळ आपल्याकडे आली तर हौदाला कोणी हरकत घेणार नाही.

धागा काढणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. खानापूर आणि चिकोडी यांचे अनुभव वाचल्यावर मी या उन्हाळ्यातील काम थांबवले आहे. जूनपूर्वी परड्यात पाच फूट खोल चाचणीचा खड्डा घेऊन त्यात खुणा केलेली काठी उभी करणार आहे आणि पावसाळाभर दर रविवारी पातळी लिहून ठेवणार आहे. शेजारच्या भातखाचरात जुलैमध्ये गुडघाभर पाणी असते, त्यामुळे खड्डा काठोकाठ भरेल, अशी शंका आहे. तसे झाले तर तलाव जमिनीत खोल न नेता अर्धा वर उचलून, भोवती ओटा करून बांधता येईल का, हे निवृत्त अभियंत्यांनी कृपया सांगावे.