नागपूरच्या उन्हात अंगणाला कृत्रिम हिरवळ: घालावी की नाही?

वैनगंगा:
विदर्भात एप्रिल लागला की बोअरचं पाणी खाली जातं, आणि लॉनची तहान नेमकी तेव्हाच वाढते. मे महिन्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर चौरस मीटरला रोज 6 ते 7 लिटर पाणी धरावं लागतं. 500 चौरस फुटांचं अंगण म्हणजे साधारण 46 चौरस मीटर, म्हणजे रोज 300 लिटरच्या आसपास. एवढं पाणी गवतावर ओतणं मला पटत नाही. त्यामुळे माझं मत कृत्रिम हिरवळीच्या बाजूने आहे. विरोध असेल तर कारणांसह लिहा.

सावलीशोध:
पाण्याचा हिशेब बरोबर आहे, पण उष्णतेचा राहून गेला. खरं गवत पानांतून पाणी बाहेर सोडतं, म्हणून ते तापत नाही. प्लास्टिकच्या पात्यांना ती सोयच नाही. हवा 44 अंशांवर असताना उघड्यावरच्या कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग 65 ते 70 अंशांपर्यंत जातो. लहान मुलाचा अनवाणी पाय काही सेकंदांत भाजेल. पाणी मारलं की गार होते, पण कडक उन्हात ते वाळलं की पुन्हा तापते. म्हणजे वाचवलेलं पाणी पुन्हा तिथेच मारायचं.

काळीमाती:
मे महिन्यात दुपारी दोनला अंगणात जातं कोण? पाती बारीक असतात, ऊन उतरलं की लवकर निवतात. संध्याकाळी सातला त्यावर खुर्च्या टाकून खुशाल बसता येतं. पात्यांच्या मधे काळ्या रबराच्या दाण्यांची भर मात्र टाकू नका, ती जास्त तापते.

आपल्याकडे बहुतेक वेळा हिरवळ बिघडत नाही, तिच्याखालचं काम बिघडतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरून रोल अंथरला तर पहिल्या पावसातच उंचवटे येतात. 6 ते 8 इंच माती काढा. तळाला जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती वर येऊ न देणारं), त्यावर 4 इंच गिट्टी, वर इंच-दीड इंच दगडाचा चुरा. प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने बसवा. 100 फुटांना 1 फूट उतार द्या, तोही घराकडून बाहेर.

रोल आधी दोन तास उन्हात उलगडून ठेवा, सुरकुत्या निघतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर दोन पट्ट्या दोन रंगांच्या दिसतात. जोडाखाली टेप आणि पॉलियुरेथेनचा गोंद. मग धुतलेली, गोल दाण्याची सिलिका वाळू चौरस मीटरला 5 किलो, पूर्ण कोरडी, ब्रशने पात्यांच्या मुळाशी उतरवायची. 46 चौरस मीटरला 230 किलो लागते. वाळूचं वजन नसेल तर पाती आडवी पडतात आणि उन्हाने रोल कडेला ओढला जातो.

गच्चीवाली:
यात एक भर. फरशीवर सरसकट गोंद लावून चिकटवू नका. हिरवळीच्या मागच्या बाजूची पाणी निचरायची भोकं बुजतात, पाणी खाली साचतं, वास सुटतो. कुत्रा असेल तर आणखी वाईट, मूत्र वाळूत मुरतं आणि उन्हात अमोनियाचा वास येतो. तिथे वाळूत झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) मिसळून जागा रोज धुवावी लागते. आणि समोर परावर्तक काचेच्या खिडक्या असतील तर तिथून परतलेलं ऊन जिथे एकवटतं तिथली पाती वितळून चिकटतात. हे ऋतूनुसार सरकतं, म्हणून वर्षभर तपासा.

सावलीशोध:
काळीमाती, काम तुम्ही चोख सांगितलंत, पण माझा आक्षेप तुलनेवरच आहे. लॉन बारा महिने हिरवं हवं हा आग्रह कशाला? हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, मरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा चौरस मीटरला 15 लिटर पाणी दिलं तरी तिची मुळं तग धरतात. 46 चौरस मीटरला एका वेळचे 690 लिटर, म्हणजे दिवसाला 46. कुठे 300 आणि कुठे 46! हरळी थोडा खारेपणाही सोसते, त्यामुळे आरओचं वाया जाणारं पाणी साध्या पाण्यात मिसळून चालतं. मृगाचा पाऊस पडला की ती आपोआप फुटते. उलट प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, त्याचे तुकडे त्याच पावसात नाल्यात जातात.

वैनगंगा:
46 लिटरचा हिशेब मी केला नव्हता, मान्य. पण हरळीला किमान सहा तास ऊन लागतं. घराच्या उत्तरेच्या पट्ट्यात ती विरळ होते आणि चिखल राहतो. तिथे कृत्रिम हिरवळ घातली तर? सावलीत ती तापणारही नाही.

काळीमाती:
भाऊ, ती सावली जानेवारीतली की मेमधली? नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेचा पट्टा तेव्हाच सर्वात जास्त उन्हात येतो. स्लॅबचा सज्जा असेल तेवढीच जागा खरी सावलीची. नमुन्याचा फूटभर तुकडा मागा, वाळू भरून त्याच जागी ठेवा आणि मेमध्ये दुपारी बारा ते तीन दर तासाला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. 50 अंशांच्या वर गेला तर तिथे फरशी लावा.

सावलीशोध:
कडुनिंब असेल तर बुंध्यापासून किमान दोन मीटर लांब राहा. गिट्टी धुमसताना वरची बारीक मुळं दबतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारी पानं पात्यांत अडकली की खराट्याने निघत नाहीत.