सासूबाईंची झोप, लॅव्हेंडरचे तेल आणि घरातले बाळ

प्रश्न (परळ)
सासूबाईंचे वय 71 आहे आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी लॅव्हेंडर व नीलगिरी अशा दोन तेलांच्या बाटल्या आणि डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारे उपकरण) आणून दिला आहे. घर दोन खोल्यांचे, पावसामुळे खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत माझा चौदा महिन्यांचा मुलगा झोपतो. त्याला सर्दी झाली आहे, तर नीलगिरीचे दोन थेंब त्याच्या छातीला चोळावेत का?

उत्तर 1 (दादर, औषधविक्रेता)
कृपा करून चोळू नका. नीलगिरीच्या तेलातील मुख्य घटक सिनिओल आणि कापूर हे दोन्ही लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतात. तेल चुकून पोटात गेले, तर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात आणि त्यासाठी चमचाभर तेलही पुरेसे असते. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधली असेल, तर तीही काढा. सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरतात; धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

उत्तर 2 (विलेपार्ले)
लॅव्हेंडरबद्दल लिहिते. त्यातील लिनालूल या सुवासिक घटकामुळे मन शांत होते असे मानतात, पण चिंतेवर ज्याचे चांगले निष्कर्ष आले ते 80 मिलिग्रॅम तेलाची कॅप्सूल तोंडावाटे देऊन, नुसता वास घेऊन नव्हे. वासाचा झोपेवरील परिणाम तपासणे मुळातच अवघड, कारण कोणाला खरे तेल मिळाले हे नाकाला लगेच कळते. तरीही माझ्या आईला झोपण्याच्या वेळेचा तो ठरलेला सुवास आवडतो, आणि मला ते पुरेसे वाटते. डिफ्यूझर नको, रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर दूर ठेवा. त्वचेला लावायचेच असेल तर 30 मिलिलिटर खोबरेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. बाटली वर्षानुवर्षे उघडी राहिली, तर हवेने लिनालूल बदलते आणि अंगावर पुरळ येते.

प्रश्नकर्ती
पुरचुंडी काढली, नीलगिरीची बाटली कपाटात कुलपात ठेवली. एक राहिले: सासूबाई वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेतात आणि गुडघ्यांना रोज गंधपुऱ्याचे तेल चोळतात.

उत्तर 1
गंधपुरा म्हणजे जवळजवळ संपूर्ण मिथिल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच घराण्यातले, आणि ते त्वचेतून रक्तात उतरून वॉरफरीनचा परिणाम वाढवते. आजपासून चोळणे थांबवा, त्यांच्या डॉक्टरांना हे सांगा आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी लवकर करून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील, तर उद्याची वाट पाहू नका.