कार्लसन थोर, कबूल. पण त्याचा एखादा डाव आठवतो का?

अडीच घर (धागाकर्ता)

शीर्षकातच भांडण उकरून काढलंय, तेव्हा प्रस्तावना नको. मॅग्नस कार्लसन हा नॉर्वेचा बुद्धिबळपटू जानेवारी २०१० च्या जागतिक यादीत पहिल्यांदा जगात पहिला आला, तेव्हा १९ वर्षांचा होता. मे २०१४ मध्ये त्याचं रेटिंग २८८२ झालं, तिथवर आजपर्यंत दुसरं कोणी पोचलेलं नाही. पाच वेळा जगज्जेता. आकड्यांशी माझं भांडण नाही.

भांडण खेळाशी आहे. नोव्हेंबर २०१३, चेन्नई, आनंद आपल्याच गावात जगज्जेतेपदाचा किताब राखायला बसलेला. पहिले चार डाव बरोबरीत. पाचवा ५८ खेळ्यांचा, सहावा ६७ खेळ्यांचा, आणि दोन्ही कार्लसनने काढले. काढले म्हणजे काय? पटावर काही म्हणजे काही नव्हतं. वजीर कधीच मारामारीत गेलेले, उरलेत हत्ती आणि प्यादी. हा आपला एक घर इकडे, एक घर तिकडे. तासामागून तास गेले, समोरचा थकला, एक खेळी चुकली, संपलं.

मग नववा डाव. ५-३ असा मागे असलेला आनंद पांढऱ्यांनी हल्ल्यावर गेला. वजीर एच६ या घरावर रोवलेला, हत्ती एच४ वर आला की मात. पलीकडे कार्लसनचं प्यादं बी१ वर पोचून वजीर झालं आणि शह बसला. मध्ये मोहरा घालायचा तर उंट घालायचा होता. आनंदने घोडा घातला, एफ१ वर. कार्लसनने नवा वजीर ई१ वर सरकवला. आता हत्ती एच४ वर आला तर तो वजीरच त्याला खाणार. आनंदने तिथेच डाव सोडला. 'घोडचूक' हा शब्द इतका शब्दशः खरा झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तात्पर्य, हा बगळा आहे. एका पायावर उभा राहतो, मासा चुकायची वाट बघतो. आनंदचा त्याच वर्षी जानेवारीत विक आन झे इथे अरोनियनविरुद्ध काळ्यांनी झालेला डाव आजही डोळ्यांसमोर येतो, मोहरी उधळत राजावर गेलेला. ताल आणि कास्पारोव या जुन्या जगज्जेत्यांचे पाच-पाच डाव मी झोपेत सांगेन. कार्लसनचा एक सांगा.

आणि दुसरं दुखणं. जुलै २०२२ मध्ये याने जाहीर केलं की किताब राखायला खेळणार नाही, हौस उरली नाही. खेळणार मात्र सगळीकडे. मग अस्तानात चीनचा डिंग किताब जिंकला, २०२४ च्या डिसेंबरात सिंगापुरात आपला गुकेश १८ व्या वर्षी जिंकला, आणि दोन्ही वेळा लोकांचा पहिला प्रश्न, 'पण कार्लसन कुठे होता?' पोराच्या पानात खडा टाकून ठेवला याने.

खडूस दादरकर

अहो अडीच घर, तुम्ही बहुतेक मैदानावर उन्हात उभे राहून कधी क्रिकेट पाहिलेलं नाही. मुंबईच्या फलंदाजीला 'खडूस' म्हणायचे ते शिवी म्हणून नव्हे. विकेट फेकायची नाही. बोलर दमला तरी दया दाखवायची नाही. चहापानानंतर तो एक आखूड चेंडू टाकतोच, आणि त्यावर चौका मारायला तुम्ही तिथे असावं लागतं. कार्लसन दादरला जन्मला असता तर त्याच्या खेळाला कोणी कंटाळवाणा म्हटलं नसतं.

'समोरचा चुकला' हे तर तुम्ही असं लिहिलंय जणू कार्लसनच्या नशिबाने आनंदला त्या दिवशी ताप होता. जुलै २०१८ अखेर बीलला मामेद्यारोवकडून हरल्यावर ते ऑक्टोबर २०२० मध्ये स्टावांगरला डुडाकडून हरेपर्यंत हा माणूस क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या डावांत हरलाच नाही. १२५ डाव. सगळेच त्याच्यासमोर बसून चुकतात म्हणजे काय? लोकल रोज तुम्ही पोचायच्या आत सुटत असेल तर दोष टाइमटेबलचा नाही.

बगळ्याची उपमा तर सपशेल चुकली. बगळा मासा चुकायची वाट बघतो. हा तळ्यातलं पाणी आटवतो.

अडीच घर

पाणी आटवतो, छान. वाक्य म्हणून टाळी घ्या. पण पाणी आटताना बघायला मजा येते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि सोची विसरलात? २०१४, पुन्हा या दोघांचीच किताबाची लढत, सहावा डाव. कार्लसनने राजा डी२ वर नेला, ढळढळीत चूक. आनंदने घोड्याने ई५ वरचं प्यादं खाल्लं असतं तर चित्रच पालटत होतं. आनंदला दिसलंच नाही, त्याने ए४ ला प्यादं ढकललं. डाव कार्लसनने जिंकला. हेही पाणी आटवणंच का? सरळ नशीब म्हणा की.

सांगलीचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी गेली बरीच वर्षं पोरांना बुद्धिबळ शिकवतो, तेव्हा थोडं पटावरचं बोलतो.

सोचीबद्दल धागाकर्त्यांचं बरोबर आहे. ते नशीबच होतं आणि त्याचं समर्थन करण्यात अर्थ नाही. दादरकर, तिथे गप्प बसा.

पण चेन्नईचा पाचवा आणि सहावा डाव 'काही नव्हतं' म्हणून निकालात काढता येत नाही. माझ्या वर्गात नवा मुलगा आला की तो दोन महिन्यांत 'सर, बरोबरी' म्हणायला शिकतो. हत्तीविरुद्ध हत्ती, इकडे चार प्यादी, तिकडे तीन, सगळी एकाच बाजूला. पुस्तक म्हणतं बरोबरी. मी पुस्तक मिटून ठेवतो, घड्याळात वीस-वीस मिनिटं लावतो आणि म्हणतो, बरं, चार प्यादीवाल्याने खेळून दाखव, तीनवाल्याने राखून दाखव. दहा वेळा खेळवलं तर निदान चार वेळा तीनवाला हरतो. मग बाजू बदलून पुन्हा. रडतात पोरं. एकाने तर घरी जाऊन सांगितलं होतं, सर शिक्षा करतात.

'सैद्धांतिक बरोबरी' आणि 'बरोबरी' यांच्यात एक मोठी ओसाड जमीन पडलेली आहे. आधीचे मोठे खेळाडू कुंपणापाशी हात मिळवून घरी जायचे. कापाब्लांका आणि कार्पोव त्या जमिनीत थोडंफार पिकवायचे. कार्लसनने तिथे बारमाही शेती केली. आणि ती नेमक्या त्या काळात, जेव्हा संगणकामुळे डावाची सुरुवात सगळ्यांची सारखीच पाठ झाली होती. बाकीचे वीस-पंचवीस खेळ्या घरून आणायचे. हा मुद्दाम साधी, बिनचमकदार सुरुवात करायचा, म्हणजे दोघांचंही पाठांतर लवकर संपेल आणि खरं बुद्धिबळ लवकर सुरू होईल. याला कोरडेपणा म्हणायचं की हिंमत, ते ज्याने त्याने ठरवावं.

प्यादं ते वजीर

मास्तर +१. फक्त त्या 'हिंमत' शब्दावर अडलो. २०१८, लंडन, कारुआनाविरुद्ध किताबाच्या लढतीचा बारावा, शेवटचा डाव. हा काळ्यांनी वरचढ, घड्याळातही पुढे, आणि ३१ व्या खेळीला याने स्वतःहून बरोबरी देऊ केली! कास्पारोवने तेव्हाच जाहीरपणे लिहिलं की आता टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या रॅपिड, म्हणजे जलद डावांत) याचं पारडं जड आहे असं म्हणवत नाही. तुमची बारमाही शेती त्या दिवशी कुठे गेली होती?

खडूस दादरकर

आणि टायब्रेकचा निकाल सांगायचं सोयीस्कर विसरलात. ३-०. रॅपिडमध्ये आपण भारी आहोत हे ज्याला माहीत आहे तो क्लासिकलमध्ये धोका कशाला पत्करेल? खडूसपणात व्यवहारही येतो, राजे.

प्यादं ते वजीर

म्हणजे तुमच्याच तोंडून कबूल झालं की जगज्जेतेपदाच्या लढतीतले बाराही डाव बरोबरीत गेले आणि निकाल जलद डावांवर लागला. मग किताबाची हौस का उरली नाही, हे वेगळं विचारायला नको.

फ्योर्डकाठी

मी ओस्लोत राहते, बुद्धिबळ जेमतेम कळतं, तरी लिहिते.

इथल्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो ही रेल्वे टीव्हीवर दाखवली होती. अख्खी. सात तासांहून जास्त. इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ, बर्फ, बोगदे, पुन्हा रूळ. लोकांनी चवीने पाहिली. २०१३ ला त्याच वाहिनीवर चेन्नईचा सामना थेट लागायचा, आणि ऑफिसात ज्यांना उंट कसा चालतो हे माहीत नव्हतं ती माणसं कॉफी थंड करत बघत उभी असायची. मी एकटी आनंदच्या बाजूने. सहाव्या डावानंतर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला केक आणून दिला, अगदी सुतकात आणून देतात तसा.

तेव्हा 'कंटाळवाणं' हे कोण बघतंय त्यावर आहे, अडीच घर दादा. तुम्हाला फटाके लागतात, इथल्या लोकांना रूळ चालतात.

अडीच घर

ताई, केक वाचून हसलो. रुळांबद्दल काही बोलत नाही, मी पुणे-मुंबई पंधरा वर्षं केलंय.

खडूस दादरकर

फटाकेच हवेत ना? घ्या. जानेवारी २००४, विक आन झे, क गट, समोर सिप्के एर्न्स्ट. कार्लसन १३ वर्षांचा. १८ व्या खेळीला घोडा जी६ वर टाकला. २१ व्या खेळीला उंट एच६ वर टाकला. २२ व्या खेळीला त्याच घरावर हत्ती टाकला. २९ व्या खेळीला मात. हा डाव बघून बुद्धिबळ स्तंभलेखक लुबोमिर कावालेकने त्याला बुद्धिबळातला मोझार्ट म्हटलं.

अजून एक. न्यू यॉर्क, ३० नोव्हेंबर २०१६, त्याचा २६ वा वाढदिवस. कार्याकिनविरुद्ध शेवटचा रॅपिड डाव. ५० वी खेळी, वजीर एच६ वर, शह. राजाने खाल्ला तर हत्ती एच८ वर येऊन मात, प्याद्याने खाल्ला तर दुसरा हत्ती एफ७ वर येऊन मात. जगज्जेतेपदाच्या लढतीचा शेवट वजीर फुकट देऊन. याउप्पर 'एक सांगा' म्हणू नका.

अडीच घर

एर्न्स्टचा डाव विसरलो होतो, मान्य. एक गुण तुम्हाला. पण बघा, तुम्ही एक डाव १३ व्या वर्षीचा काढलात आणि एक रॅपिडचा. मधली जी क्लासिकल कारकीर्द, ज्यासाठी त्याला सर्वश्रेष्ठ म्हणायचं, तिथे तुम्हालाही हात घालता आला नाही.

प्यादं ते वजीर

किताब सोडण्याचं मात्र कोणीच बोलत नाहीये. मला वाटतं तिथे धागाकर्ता चुकतोय. फिशरने १९७५ मध्ये किताब सोडला आणि पटासमोरून उठूनच गेला. कार्पोवला किताब न खेळताच मिळाला, सिद्ध करायची संधीच मिळाली नाही. कार्लसन तसा पळाला नाही. २०२३ ला बाकूत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत प्रज्ञानंदसमोर बसला. गुकेशसमोर तर स्टावांगरला बसून हरलाही! जून २०२५, जिंकत आलेला डाव. गुकेश नुसता चिकटून राहिला, घड्याळ संपत आलं, कार्लसन चुकला आणि मग टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरी उडाली. त्याचंच औषध त्याला. पानातला खडा गुकेशने तिथे स्वतः काढून टाकला. स्पर्धा पुन्हा कार्लसननेच जिंकली, हा भाग वेगळा.

अडीच घर

एक डाव म्हणजे किताबाची लढत नव्हे. १४ डाव, तीन आठवडे, सहा महिन्यांची तयारी, ते ओझं वेगळं. ते ओझं नको आणि 'खरा पहिला मीच' हे मात्र हवं, हे मला पटत नाही. यावर मी हलणार नाही.

सांगलीचा मास्तर

नका हलू. किताबाबद्दल माझंही मन थोडं तुमच्याच बाजूला झुकतं. १९९३ मध्ये कास्पारोव जागतिक संघटनेतून (फिडे) बाहेर पडला आणि पुढे तेरा वर्षं दोन-दोन जगज्जेते होते. तो घोळ आम्ही पाहिलाय.

पण क्लासिकल डाव मागितलात ना, तर देतो. दुबई, ३ डिसेंबर २०२१, नेपोम्नियाचीविरुद्ध सहावा. त्याआधी जगज्जेतेपदाच्या लढतींत सलग १९ क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते, २०१६ च्या दहाव्या डावापासून कोणी जिंकलंच नव्हतं. कार्लसनने २६ व्या खेळीला वजीर देऊन दोन हत्ती घेतले. चाळिसाव्या खेळीच्या आसपास घड्याळाच्या घाईत दोघांनीही संधी घालवल्या. त्यानंतर खरी मशागत. एकेक प्यादं खुडत शेवटी पांढऱ्यांकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, काळ्यांकडे एकटा वजीर. पटावर राजे धरून सात मोहरी. १३६ खेळ्या, पावणेआठ तास. जगज्जेतेपदाच्या लढतींतला सर्वांत लांब डाव. आधीचा विक्रम १९७८ मधल्या कार्पोव-कोर्चनॉयच्या १२४ खेळ्यांचा, आणि तो बरोबरीत सुटला होता.

आता गंमत. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती संगणकाने सोडवून ठेवल्यात. त्या हिशेबाने १३० व्या खेळीला निपोने (नेपोम्नियाचीने) वजीर ई६ वर नेला, तोवर स्थिती बरोबरीचीच होती.

अडीच घर

म्हणजे शेवटी चूक निपोचीच! मी दुसरं काय म्हणत होतो?

सांगलीचा मास्तर

तेच. फक्त त्या क्षणी बरोबरी राखणारी घरं वजिराला दोनच होती, बी१ आणि सी२. दोन्ही कोपऱ्यातली, लांबची. माणूस सात तासांनंतर वजीर प्याद्याच्या जवळ नेतो, लांब नेत नाही. पुढे आठव्या डावात निपो हरला, नवव्यात स्वतःचाच उंट कोंडून घेतला, अकराव्यात संपला. ७.५-३.५.

एक करा. ८० व्या खेळीपासून डाव लावा, काळी बाजू घ्या, खेळी झाकून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी स्वतः ठरवा वजीर कुठे न्यायचा. मग बोलू.

अडीच घर

लावला. ९१ पर्यंत आलोय. दोनदा हरलो.

खडूस दादरकर

कंटाळा आला का?

अडीच घर

गप्प बसा हो. ९२.