चालता लॅपटॉप भंगारात देण्याआधी हलकी प्रणाली टाकून बघा

शाईपेन:
विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. माझा लॅपटॉप २०१४ चा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. दुकानदार म्हणाला, "काढून टाका आता." काढला नाही, विंडोजच्या जागी लुबंटू २४.०४ ही लिनक्सची हलकी, मोफत प्रणाली टाकली. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं चाललं, मग डिस्कवर घेतलं. सुरू झाल्यावर सातशे एमबीच्या आतच रॅम जाते. धडधाकट यंत्र नव्या प्रणालीच्या अटीत बसत नाही एवढ्यासाठी फेकणं मला मान्य नाही.

खिळेजुळारी:
सरसकट सल्ला देऊ नका, ही कळकळीची विनंती. मी मराठी अंकांची पानं लावतो. पंधरा वर्षांचा मजकूर जुन्या बिगर-युनिकोड (आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात न बसणाऱ्या) फाँटात पडलाय आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं 'वाइन' वापरून चालवलं, तर जोडाक्षरं फुटली, तीही अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री. हिशेबनीसांचंही तेच. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालेलच असं नाही. यंत्र वाचलं आणि काम अडलं, तर उपयोग काय?

शाईपेन:
तुमच्या कामाला विंडोजच हवं, मान्य. पण घरोघरी लॅपटॉपवर होतं काय? पत्रं, व्हिडिओ, वीजबिल, मुलांचा अभ्यास. टंकायला इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड तोच आहे. शिफ्ट-जे दाबलं की 'ऱ' येतो, 'दुसऱ्या' नीट उमटतं. बोटांना नवीन काही शिकवावं लागलं नाही.

कोकणकडा:
प्रणाली हलकी झाली, पण ब्राउझर तितकाच जड राहिला. आठ-दहा टॅब उघडले की वाचवलेली रॅम गेलीच. जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्डडिस्कमुळे. आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, शक्य असेल तर रॅम ८ जीबी करा. आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत: लुबंटू २४.०४ ला आधार तीनच वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. मग पुन्हा नवी आवृत्ती टाकणं आलं.

शाईपेन:
मुदतीचं सांगायला हवं होतं, चुकलंच. ज्यांना ती दगदग नको त्यांनी लिनक्स मिंट २२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, तिला २०२९ पर्यंत आधार आहे. एसएसडीबद्दल शंभर टक्के सहमत. पण नुसती एसएसडी बसवून विंडोज १० च ठेवलं, तर सुरक्षेचे अपडेट कुठून आणणार? बँकेचं काम त्याच यंत्रावर करायचं असतं.

खिळेजुळारी:
माझी खरी काळजी वेगळी आहे. तुम्हाला हे जमतं. पण सत्तरीतल्या वडिलांचा प्रिंटर रविवारी बंद पडला तर? आमच्या तालुक्यात दुरुस्तीवाले लिनक्स म्हटलं की हात वर करतात.

शाईपेन:
खरंय, मी तरी माणूस जवळ असल्याशिवाय कोणाला टाकून देत नाही. घरचा दुसरा, कामात नसलेला लॅपटॉप आहे का तुमच्याकडे? सांगलीच्या आसपास असाल तर पेनड्राइव्ह घेऊन येतो. डिस्कला हात न लावता तासभर चालवून बघू, प्रिंटर जोडूनच.